अनंताचे राहिलेले वर्ष

कोंडाजी घरताने बैलगाडीतून मीठ वाहिले. कोंडाजीच्या मुलाने, गुणाजीने, बैल विकून पंचक्रोशीतला पहिला मालट्रक दारात उभा केला आणि रेवदंड्याची मासळी बर्फात घालून मुंबईच्या बाजाराला लावली. गुणाजीचा धाकटा अनंता त्याच ट्रकवर वाढला. गाडी चालवणे त्याचे आणि मोडली तर जोडणेही त्याचेच. अनंताचा मुलगा कुलदीप. तो बारावी झाला त्या वर्षी गुणाजीला जाऊन एकोणतीस वर्षे झाली होती, त्याची बायको भागुबाई शहात्तर वर्षांची होती, आणि घरात शब्द अजून तिचाच चालत होता.

मासेमारीबंदीचे दोन महिने चालू होते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे अंगणात घरतांचे तिन्ही ट्रक उभे होते. दोन जुने होते. तिसरा नवा, दीड वर्षापूर्वीचा, ताडपत्रीखाली झाकलेला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बांगड्याने भरलेला असताना त्याने कार्लेखिंडीत दम सोडला होता आणि माल जागीच नासला होता. त्याचे भाग अजून पनवेलहून यायचे होते.

रविवारी जेवणे उरकल्यावर भागुबाईने सगळ्यांना पडवीत बोलावले. स्वतः ती खुर्चीवर बसली. थोरला विनेश भिंतीला टेकून, धाकटा अनंता उंबऱ्याशी. सुना आत भांडी आवरीत होत्या, त्यांनाही हाक गेली.

"कोकिळा, रचना, भांडी पळून जात न्हाईत. बाहेर या. कुलदीप, ते कागद आण."

कुलदीपने तीन माहितीपत्रके सतरंजीवर मांडली. अवजड वाहनांच्या दुरुस्तीचे शिक्षण देणाऱ्या तीन संस्था. अर्जाची मुदत मंगळवारी संपत होती.

गेल्या पंधरवड्यात या तिन्ही ठिकाणी भागुबाई स्वतः जाऊन आली होती. शेजारणीला आश्चर्य वाटले. भागुबाईला वाटले नाही. सून आणताना तिने मुलीचे घर पाहिले होते, चूल पाहिली होती, विहीर पाहिली होती. मग नातू जिथे जायचा ती जागा न पाहता कशी चालेल?

"ही पहिली," कोकिळाने चकचकीत कागद उचलला. ती विनेशची बायको. तिला गोष्ट ठरली की ती लगेच व्हावी असे वाटे. "पनवेलच्या बाजूची. सात महिन्यांत नोकरी लावून देतात, असं छापलंय. माझ्या भावाच्या मुलग्याने इथूनच केलंय."

"आज काय करतो तो?" भागुबाईने विचारले.

कोकिळा घुटमळली. "दुकान हाय त्याचं."

"कसलं?"

"मोबाईलचं."

अनंताने मान खाली घालून हसू गिळले. त्याच्या बायकोने, रचनाने, पदर तोंडाला लावला. भागुबाई मात्र हसली नाही.

"मी गेले होते तिथं. थंड हवेची खोली, काचेच्या पेटीत कापलेलं इंजिन, लाल-निळा रंग लावून ठेवलेलं. मी म्हटलं, चालू करून दाखवा. तो टायवाला म्हणतो, आजी, हे चालू होत न्हाय, हे समजवण्यासाठी हाय. मी म्हटलं, मग चालू होणारं दाखवा. तर ते सुट्टीवर होतं." तिने कागद कोकिळाच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. "फरशीवर तेलाचा एक डाग न्हवता. पोरं शिकतात तिथं डाग पडतात."

दुसरी संस्था सरकारी, तासाभराच्या वाटेवरची. डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. तिथे पोरांचे हात काळे होते आणि निदेशक सरळ बोलणारा होता. त्याने भागुबाईला स्वतः सांगितले होते, की आजी, पाया आम्ही पक्का करून देऊ. पण मुलाला फक्त मोठ्या गाड्याच करायच्या असतील तर घाटावर चाकणच्या बाजूला दोन वर्षांची शाळा आहे, एकदा ती पाहून या. आपल्या दारी आलेल्याला दुसऱ्याचे दार दाखवणारा माणूस भागुबाईने क्वचित पाहिला होता. निघताना तिने त्या निदेशकाला हात जोडले होते, आणि ती सहसा कोणाला हात जोडत नसे.

तिसरी, ती चाकणकडची. पहिले वर्ष शिकायचे, दुसरे वर्ष खऱ्या वर्कशॉपमध्ये विद्यावेतनावर काढायचे. राहणे तिथेच.

"माझं मत जवळच्या सरकारीला," विनेश म्हणाला. "एक वर्षात पोरगा मोकळा. रोज रात्री घरी जेवेल. आणि उघडा बोनेट म्हटलं की अनंता हाय शिकवायला. दोन वर्ष घाटावर जाऊन असं काय शिकणार तो, जे बापाकडं मिळत न्हाय?"

हे बोलताना विनेशने कुलदीपकडे पाहिले नाही. रचनाने ते टिपले. एकवीस वर्षे ती या घरात होती. थोरले भाऊजी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात, ही त्यांची सवय. बाजारातल्या दलालालाही ते तसेच बघत. गेला महिनाभर ते कुलदीपशी बोलताना ताडपत्रीकडे बघत होते.

"दादा बरोबर बोलतोय," अनंता म्हणाला. "लांब कशाला? ऑगस्टात गाड्या सुटतील, माणूस लागेल."

रचनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्र रात्र हाच माणूस तिला सांगत होता, की पोराला पुरं शिकू दे, माझ्यासारखं अंदाजाने जगायला नको. आणि दादा बोलला की याची मान हलली.

"मला बोलायचंय, आई," ती म्हणाली.

"बोल."

"ज्याला शिकायचंय त्याला कोणी विचारलं न्हाय अजून."

कोकिळाने जावेकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, थोडे कौतुकच होते. भागुबाईने खुर्ची किंचित वळवली.

"कुलदीप. काकाने विचारलंय ते तू सांग. बापाकडं काय मिळत न्हाय?"

कुलदीप उभा राहिला. आजीपुढे बसून उत्तर देण्याची पद्धत नव्हती.

"आजी, जुन्या दोन गाड्यांचं सगळं बाबांकडे आहे. आवाजावरून सांगतात ते, कुठला नोझल गेला. पण नवी गाडी आवाज करून सांगत नाही. तिच्यात सेन्सर आहेत. ती लॅपटॉपशी बोलते. तिचा धूर साफ करायला वेगळी टाकी असते, त्यात युरियाचं द्रावण लागतं. तयार कॅन मिळतो त्याचा. त्या टाकीत चुकीचं पाणी गेलं तर..." तो थांबला.

"तर काय?"

"तर धूर गाळणारी जाळी बंद होते. गाडी स्वतःच स्वतःची ताकद कमी करते. चढ चढत नाही."

भागुबाईच्या बोटांनी खुर्चीचा हात धरला. "कार्लेखिंडीत चढली न्हाय तशी?"

कुलदीपने पायाने सतरंजीचे टोक सरळ केले.

"मी विचारतेय."

"हो. कंपनीच्या माणसाने टाकीतलं काढून बघितलं. शेतातला युरिया होता, विहिरीच्या पाण्यात कालवलेला. आपल्या गोणीवर लिहिलंय, निंबोळी लेपित. त्याला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं. भाताला चालतं ते. गाडीला नाही."

भाताच्या रोपांना, राबाला, घालायला आणलेल्या युरियाच्या गोण्या अजून ओट्याच्या कोपऱ्यात होत्या. तिकडे सगळ्यांचे डोळे गेले. महिन्यापूर्वी भागुबाईने याच पडवीत सगळ्यांदेखत अनंताला सांगितले होते, की तू गाडी ताणलीस, तुला नवी गाडी झेपत नाही. आणि चावी त्याच्या हातातून घेऊन स्वतःकडे ठेवली होती, गाडी दुरुस्त झाली की पगारी ड्रायव्हर चंदरला द्यायची म्हणून. अनंताने चावी दिली होती आणि एक अक्षर काढले नव्हते.

"कोणी घातलं ते पाणी?" भागुबाई म्हणाली.

"मी घातलं, आये," अनंता म्हणाला.

"बाबा!" कुलदीपच्या तोंडून निघून गेले.

"तू गप रे. मी घातलं. युरियाच तो, म्हटलं घरचाच घालू. चुकलं माझं."

विनेश भिंतीला टेकून होता. त्याला ती सकाळ आठवत होती. कॅन संपलेला, गाडी भरलेली, बर्फ पाणी सोडू लागलेला. कॅनवर युरिया आणि पाणी एवढेच लिहिलेले, आणि समोर युरियाची गोणी. असल्या कामाला विकतचे कशाला, असे त्याला वाटले. भाताच्या माणसाला दुसरे काय वाटणार? बादलीत काठीने ढवळले, फडक्यातून गाळले, आणि ओतले. कुलदीप मागून आला होता. काका, नका, ते वेगळं असतं, म्हणाला होता. चार बुकं शिकलास म्हणून मला शिकवू नको, असे आपण त्याला म्हणालो. आणि चावी काढून घेतली गेली तेव्हा आपण जेवत होतो. हातातला घास आपण खाल्ला.

त्या पोराने महिनाभर कोणाला सांगितले नाही. भावाला माहीत होते, त्यानेही नाही. आणि आता अनंता उंबऱ्याशी बसून पुन्हा एकदा विनेशच्या वाटणीचे अंगावर घेत होता.

"अनंता, बस झालं," विनेश म्हणाला. "आये, मी घातलं. ह्या हातांनी. ह्या पोराने मला सांगितलं होतं, नका घालू. मी त्याला गप्प केलं."

कोकिळा नवऱ्याकडे बघतच राहिली. "अहो, आणि तुम्ही महिनाभर..."

"व्हय. महिनाभर." तो उठला, सतरंजीवरून चाकणचे पत्रक उचलले आणि कुलदीपच्या हातात दिले. "मी मघाशी विचारलं ना, काय शिकणार म्हणून? ह्ये शिकणार. तू इथंच जायचंस. दोन वर्ष. गाडीवर माणूस नसेल तर मी बसेन. तुझे उपकार हायेत माझ्यावर, पोरा. तुझ्या बापाचे तर मोजायलाच नको."

"काका, असं नका बोलू."

"बोलू दे मला. बरं वाटतंय बोलून."

यानंतर भागुबाई थोरल्यावर कडाडेल, असे सगळ्यांना वाटले. रचनाने तर डोळे मिटून घेतले. पण म्हातारी बोलली ती भलत्याच दिशेला बघून, कुंपणापलीकडच्या शेताकडे.

"रचना, तुला ठाऊक न्हाय. कोकिळा, तुलाही न्हाय. तुम्ही याच्या मागनं आलात. अनंताही असल्या शाळेत होता."

रचनाने चमकून नवऱ्याकडे पाहिले. तो जमिनीकडे बघत होता.

"मोटार मेकॅनिक. दोन वर्षांचं. एक वर्ष झालं होतं, वर्गात पहिला होता. हे गेले, आणि मला वाटलं, थोरला एकटा गाडीवर कसा पुरेल? तेरावं झाल्यावर मी गेले. हा वर्कशॉपमध्ये होता, इंजिन उघडून बसलेला. मी दारातून हाक मारली. याने हातसुद्धा धुतले न्हाईत, तसाच आला. मास्तर पाठी आले. म्हणाले, बाई, एकच वर्ष राहिलंय. मी म्हटलं, दिवाळी झाली की परत आणते." ती थांबली. "कितीतरी दिवाळ्या झाल्या."

"आये, जाऊ दे ना," अनंता म्हणाला. "धंदा उभा राहिला त्यानं."

"तू गप. जाऊ दे, जाऊ दे, म्हणून तुझं सगळंच गेलं. तेव्हा मी तुला विचारलं न्हाय. ही चावी घेतली तेव्हाही विचारलं न्हाय, काय झालं म्हणून. आणि आज तू खोटं बोलून भावाला वाचवायला निघालास, तर मला कळलं, मी कसल्या पोराच्या जिवावर घर चालवलंय ते." तिने कमरेच्या पिशवीतून नव्या गाडीची चावी काढली. फेकली नाही, उठून उंबऱ्यापर्यंत चालत गेली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "पोरगा चाकणला जाईल. एका वर्षाचं मी ऐकणार न्हाय. अर्ध्यावरचं एक या घरात पुरे झालं."

रचना आत गेली. तिने चुलीवर चहाचे आधण ठेवले. मागोमाग कोकिळा आली आणि आल्याचा तुकडा किसू लागली.

"कधी बोलला न्हाय मला," रचना म्हणाली. "एकवीस वर्षांत एकदाही न्हाय."

"आमचा बोलतो सगळं," कोकिळा म्हणाली, "पण महिन्याने." आणि दोघी जावा रडता रडता हसल्या.

*

प्रवेशाच्या दिवशी विनेशने शेजाऱ्याची जीप मागून आणली. भागुबाई पुढे बसली, अनंता आणि कुलदीप मागे ट्रंकेसह. घाट चढून सकाळी साडेअकराला ते पोहोचले.

कार्यालयाच्या मागेच लांबलचक वर्कशॉप होते. आठ-दहा ट्रक, कोणाचे केबिन पुढे झुकवलेले, कोणाचे इंजिन साखळीला टांगलेले. फरशी काळीकुट्ट. भागुबाईला ती दुसऱ्यांदाही आवडली. कुलदीपचे कागद तपासले जात होते तेवढ्यात अनंता कुठे गेला म्हणून विनेश शोधायला लागला. तो दाराच्या चौकटीत उभा होता. आत पाऊल टाकले नव्हते. आत एक मुलगा ओणवा होऊन कसलेसे फिल्टर बसवीत होता आणि त्याला ते बसत नव्हते.

"आधी रबराला तेलाचं बोट लाव," अनंता बाहेरूनच म्हणाला. "मग जाईल."

मुलाने लावले. बसले.

मुख्य निदेशक गणराज सर मागून येत होते. त्यांनी अनंताचे हात पाहिले. ओळख विचारायच्या आधी त्यांनी हातच पाहिले. "किती वर्षं करताय?"

"एकोणतीस."

"नव्या गाड्या?"

"त्या न्हाय येत," अनंता म्हणाला. "आवाजाच्या येतात."

सर हसले. "तुमच्यासारख्यांसाठीच आमची दहा आठवड्यांची तुकडी असते. कामावरचे मेकॅनिक. वयाची अट नाही. सेन्सर, वायरिंग, लॅपटॉप, सगळं. गुरुवारी सुरू होतेय, दोन जागा आहेत. हातात एवढं असताना एवढ्यासाठी अडू नये माणसाने."

अनंताने मान हलवली. "धंदा हाय, सर. ऑगस्टात होड्या सुटल्या की गाड्या सुटतात. घरी भाताची आवणी हाय. पोराला शिकवा, तेवढं पुष्कळ झालं."

भागुबाई तोवर काठी टेकत तिथे पोहोचली होती. तिने सगळे ऐकले. विनेशला वाटले, आता आई हुकूम सोडणार. नाव घाला याचं, म्हणणार, आणि अनंताला ते ऐकावे लागणार. तिच्या ओठांवर ते आलेही होते. सत्तेचाळीस वर्षे तिने या मुलाला काय करायचे ते सांगितले होते आणि त्याने ते केले होते.

"अनंता," ती म्हणाली, "तुला शिकायचंय काय?"

तो वळला. प्रश्न समजायला त्याला वेळ लागला, कारण असा प्रश्न तिने त्याला कधी विचारलाच नव्हता. त्याने दादाकडे पाहिले. विनेश म्हणाला, "माझ्याकडं बघू नको. आवणी कोकिळा आणि रचना बघतील, गाडी मी बघीन. आयेने तुला विचारलंय."

वर्कशॉपमध्ये कोणीतरी इंजिन चालू केले. भरदार, दमदार आवाज. अनंता तो ऐकत उभा राहिला. सवयीने त्याचा कान त्यातला दोष शोधीत होता, आणि दोष नव्हता.

"व्हय, आये," तो म्हणाला. "लई शिकायचंय."

कुलदीपने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्या खोलीत घोरणार असाल तर मला दुसरी खोली बघू द्या." गणराज सरांसकट सगळे हसले, आणि अनंतालाही हसावे लागले.

कार्यालयात दोन अर्ज भरले गेले. कुलदीपच्या अर्जावर पालक म्हणून अनंताने सही केली. अनंताचा अर्ज समोर आला तेव्हा भागुबाईने पेन मागितले.

"आजी, यावर पालकाची सही लागत नाही," कारकून म्हणाला. "ते सत्तेचाळीस वर्षांचे आहेत."

"लागत नसेल. माझी राहिलीय." तिने अर्ज आपल्याकडे ओढला. "याचं नाव शाळेतून काढलं तेव्हा मी सही केली होती. आता घालते तर तीही मीच करणार. जागा दाखवा."

कारकुनाने गणराज सरांकडे पाहिले. सरांनी मान हलवली. अर्जाच्या तळाशी थोडी कोरी जागा होती. भागुबाईने चष्मा नीट केला, कोपर टेबलावर रोवले आणि सावकाश, एकही काना-मात्रा न चुकवता लिहिले: भागुबाई गुणाजी घरत. शाई वाळेपर्यंत तिने कागद हातातच धरला. मग तो अनंताला दिला, आणि विनेशला जीप काढायला सांगितले.